दोनशे चौकटी आणि एक शहाणा कारभारी

चाळीस घरं बांधून तयार, आणि एकाही घरात चूल पेटेना!

राजे भूपालसिंह संतापले. बेघर प्रजेसाठी त्यांनी हौसेने ही घरं उभारली होती. चाळीसही चौकटींना स्वतःच्या हाताने कुंकू लावलं होतं. चौकटीला ज्याच्या हातचं कुंकू लागेल, त्याने ते घर पुरं करायचंच, हा आमच्या मुलखातला रिवाज. घरं पुरी झाली, पण राहायला कोणी येईना.

कारण मी! मी दामोदरपंत, घरवाटपाचा सरकारी कारभारी. घर मागणाऱ्यासाठी मी दोन अटी लिहिल्या होत्या. सोमवारी लिहिलं, 'अर्जदाराला स्वतःचं घर नसावं.' मंगळवारी लिहिलं, 'अर्जदाराने आपल्या दाराच्या चौकटीवर राजशिक्का मारून घ्यावा.' माणूस राहतो कुठे, ते सरकारला कळायला नको? दोन्ही अटी मला फार आवडल्या. अक्षरही सुरेख आलं होतं.

सहा महिन्यांत दोनशे कुटुंबं कचेरीत येऊन गेली.

"दार दाखवा!" मी म्हणे.

"दार असतं तर तुमच्या दारात कशाला आलो असतो?"

"नियम म्हणजे नियम!" असं म्हणून मी विड्याचं पान जुळवायला घेई.

शेवटी राजांनी भर दरबारात जाहीर केलं, "घरं कुणालाच नकोत! शनिवारी तिथे हत्ती बांधा!"

"आम्हाला हवीत, महाराज!" गर्दीतून तुळसा पुढे आली. ती रखमाजी गवंड्याची मुलगी. "ही घरं माझ्या बापानं बांधली, विटा मी वाहिल्या. आम्ही मात्र त्याच मैदानावर पालात राहतो. हत्ती आले की पालही जाईल. माझी आई आजारी आहे, तिला घेऊन जाऊ कुठं? त्या अटी तेवढ्या काढा!"

राजे हट्टी. "राजशिक्का म्हणजे माझा हात! त्याखाली लिहिलेलं पुसलं जाणार नाही. शनिवारपर्यंत अटी पुऱ्या करून दाखव!"

मी मिशीतल्या मिशीत हसलो. माझी अट मलासुद्धा पुरी करता आली नसती.

शनिवारी सकाळी मैदानावर गेलो, तर तुळसा उभी. शेजारी दगडांच्या आधाराने लाकडाची एक चौकट उभी.

"पंत, मारा शिक्का!"

"अगं, पण घर कुठाय?"

"घर नसावं, असं तुम्हीच लिहिलंय. चौकट असावी, हेही तुम्हीच!"

मी कागद काढून वाचला. पुन्हा वाचला. उलटा करूनही पाहिला. मग चौकटीतून पलीकडे डोकावलो. एक म्हैस रवंथ करत होती. घर नव्हतं हे खरं!

शिक्का काढला, तर शाई वाळून खडा झालेली. सहा महिन्यांत एकदाही लागली नव्हती ना!

"हे घ्या, कुंकू कालवून आणलंय," तुळसाने वाटी पुढे केली.

किती समजूतदार पोरगी, असं मला वाटलं. मी दणकन शिक्का मारला! मान वर केली तर मागे रांग. कुणी खाटेच्या लाकडाची, कुणी मोडक्या बैलगाडीच्या फळ्यांची चौकट केलेली. दुपारपर्यंत मी दोनशे शिक्के मारले. उभ्या नोकरीत एवढं काम केलं नव्हतं. मनगट सुजलं, पण छाती फुगली!

तेवढ्यात हत्ती घेऊन राजे आले.

"दोनशे? घरं तर चाळीसच आहेत! बाकीच्यांना सांगा, घरं संपली!"

"संपतील कशी?" तुळसा म्हणाली. "महाराज, चौकटींना काय लागलंय ते बघा."

राजे वाकले. त्यांनी बोट लावून पाहिलं. "पंत, हे कुंकू?"

"शाई वाळली होती, महाराज..." माझी जीभही वाळली.

"राजशिक्का म्हणजे तुमचा हात, असं तुम्हीच म्हणालात," तुळसा म्हणाली. "एकशे साठ जादा चौकटींना तुमच्या हातचं कुंकू लागलंय. सांगा, घरं पुरी कोण करणार?"

राजे माझ्याकडे बघत राहिले. मग असे हसले, असे हसले, की पगडी कानावर आली!

"करीन, पोरी, करीन! चाळीस आजच वाटा, बाकीची दिवाळीच्या आत उभी राहतील. आणि हत्ती परत नेऊ नका, लाकडं ओढायला लावा! आजपासून घरवाटपाची कारभारी तूच. कारभाऱ्याचं सरकारी घरही तुझंच. आईला आजच घेऊन ये!"

"महाराज," मी चाचरत विचारलं, "त्या घरात तर मी राहतो..."

"मग अर्ज करा की!"

मी तिथल्या तिथे अर्ज लिहिला. अक्षर या वेळीही सुरेख आलं. तुळसाने तो शांतपणे वाचला आणि विचारलं,

"चौकट आणलीत का, पंत?"