काळजावरचा भुंगा

फार फार जुन्या काळी मिसर देशात मोठ्या नदीकाठी दोन भाऊ राहत होते. आईबाप लवकर गेलेले. धाकट्याला भरवलं, मारलं, झोपवलं, सगळं थोरल्यानेच.

दरवर्षी नदीला पूर येई. पाणी ओसरलं की काळ्या गाळात बांध दिसेनासे होत. मग राजाचे मोजणीदार गाठी मारलेली दोरी घेऊन येत आणि हद्दीच्या दगडांवरून ज्याची जमीन त्याला मोजून देत. हद्दीचा दगड हलवणाऱ्याचे नाक-कान कापत.

एका वर्षी धाकट्याने तेच केलं. मोजणीदार यायच्या आधी त्याने शेजारच्या विधवा काकूच्या शेतात हद्दीचा दगड सात पावलं आत सरकवला.

मोजणीदाराला शंका आली. "दगड कोणी हलवला?" तो गरजला. धाकटा थोरल्याच्या पाठीमागे सरला. ते पाहून थोरला पुढे झाला. त्याने देवाची शपथ घेतली आणि म्हणाला, "दगड जागेवरच आहे."

जन्मात तो कधी खोटं बोलला नव्हता. म्हणून सगळ्यांनी मान डोलावली.

घरी आल्यावर तो एवढंच म्हणाला, "परत ठेव तो."

"ठेवतो रे दादा. पुढच्या पुराला."

असे तीन पूर गेले.

चौथ्या वर्षी लव्हाळे कापताना थोरल्याला नाग डसला. सावलीत आणेपर्यंत तो गेला. त्याने अर्धा खाल्लेला कांदा बांधावर पडला होता. धाकट्याने तो कोणाला उचलू दिला नाही.

त्या देशात मेलेल्या माणसाला सत्तर दिवस राखत. पोटातलं सगळं काढून रांजणांत भरत, देह खारात सुकवत, मग कापडाच्या पट्ट्यांनी गुंडाळत. काळीज मात्र जागेवरच ठेवत. कारण मरणापलीकडच्या दरबारात ते तराजूत घालतात, समोरच्या पारड्यात सत्याचं एक पीस ठेवतात. खोटेपणाने काळीज जड भरलं, तर तराजूपाशी बसलेलं जनावर ते गिळून टाकतं. तोंड मगरीचं, छाती सिंहाची, मागचं धड पाणघोड्याचं. मग तो माणूस कुठेच उरत नाही. पुढे कोणाला कधी भेटतही नाही.

धाकट्याला हे लहानपणापासून ठाऊक होतं. आता ते जनावर त्याला भरदिवसा दिसू लागलं. भाकर तोडली की जबडा मिटल्याचा आवाज येई. शपथ दादाने घेतली होती. काळीज दादाचं जाणार होतं.

एकोणसत्तराव्या दिवशी तो नदी ओलांडून पश्चिम काठावरच्या तंबूत गेला. वाटेत दोन मगरींचे डोळे नावेबरोबर सरकत राहिले. तंबूत म्हातारा कारागीर थोरल्याच्या देहाला पट्ट्या गुंडाळत होता.

"बाबा, काळजावर ठेवायचा दगडी भुंगा द्या! त्याच्यावर लिहिलेलं असतं ना, काळजा, माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस म्हणून? माझा बैल घ्या, घर घ्या!"

"हळू, पोरा," म्हातारा म्हणाला. "माझ्याकडे येणारी माणसं शांत असतात. ओरडतात ते त्यांचे नातेवाईक. काय केलंय तुझ्या भावाने?"

"दादाने काही नाही केलं!" म्हणत धाकटा रडू लागला आणि सगळं सांगून बसला.

म्हाताऱ्याचे हात थांबले. "भुंगा देतो. पण तो काळजाचं तोंड बंद करेल, वजन कमी करणार नाही. तराजूला कान नसतात, बाळा."

"मग? मेलेला माणूस शपथ कशी परत घेणार?"

"ज्याच्यासाठी घेतली तो जिवंत आहे ना? उद्या दुपारी मी पेटी बंद करणार."

धाकटा नावेकडे पळत सुटला आणि नदी ओलांडून गावात आला. पाणी नुकतंच ओसरलं होतं आणि मोजणीदार शेतावर आलेच होते. त्यांच्या कंबरेचा सुरा त्याला दिसला. आपलं नाक त्याने नकळत चाचपलं. तरी तो गाळात शिरला, दगड उपसून खांद्यावर घेतला आणि सगळ्या गावादेखत ओरडला, "दादा खोटं बोलला, माझ्यासाठी बोलला! चोर मी आहे!"

एक, दोन, तीन... सात पावलं. दगड मूळ जागी टेकला.

मोजणीदाराने सुरा काढला. तेवढ्यात काकू काठी टेकत पुढे आली.

"मला ठाऊक होतं रे, मेल्या. माझ्या पायांना माझी जमीन कळत नाही होय? शपथ घेताना तुझ्या भावाने खाली बघितलं, तेव्हाच समजले." मग ती मोजणीदाराकडे वळली. "साहेब, कान राहू द्या त्याचे. बोलणी खायची आहेत अजून माझी."

नाक-कान दोन्ही राहिले. पाठीवर शंभर फटके बसले आणि सात वर्षं काकूच्या पाटातला गाळ उपसायची शिक्षा झाली.

दुसऱ्या दिवशी फाटक्या पाठीने त्याने भावाची पेटी उचलली. आत भुंगा ठेवलेला नव्हता, त्यानेच नको म्हटलं होतं. पेटीत अर्धा कांदा होता. थडग्याच्या दाराशी कान लावून तो बराच वेळ उभा राहिला. जबड्याचा आवाज आला नाही.

आपल्यासाठी दुसऱ्याने उचललेलं पाप आपल्याच खांद्यावर परत घ्यावं, आणि तो माणूस असतानाच घ्यावं, पेटी बंद व्हायची वाट बघू नये.