बाहुलीच्या कमरेची दोरी

फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे ही गोष्ट मला ज्यांनी सांगितली त्यांनाही ती कुणीतरी सांगितलेली, एका राज्यात एक बाहुलेवाला राहत होता. त्याच्या लाकडी बाहुल्या दोरीवर नाचू लागल्या की लोक हातातला घास तोंडात घालायला विसरत.

त्या राज्याच्या तरुण राणीला दिवस गेले होते. सगळीकडे आनंदीआनंद, पण राणी मात्र दार लावून बसली. धड जेवेना, कुणाशी बोलेना. वैद्यबुवा राजाला म्हणाले, "पोटात अन्न नसेल तर माझ्या औषधांचा काही उपयोग नाही. आधी राणीसाहेबांचं मन रमवा." राजा बिचारा घाबरला. त्यानं बाहुलेवाल्याला सांगितलं, पोटुशा राणीचा खेळ कर आणि लवकर कर.

बाहुलेवाल्यानं आपली सगळ्यात देखणी बाहुली काढली. पोटावर कापसाचा गोळा बांधला, वर हिरवी साडी नेसवली, केसांत फुलं माळली. बाहुली झोपाळ्यावरून टुणकन उठायची आणि गिरक्या घ्यायची.

त्याची बायको शेंगा सोलत बसली होती. तिलाही सातवा महिना. ती फिसकन हसली.

"हसायला काय झालं?"

"अहो, गिरक्या काय घेतेय तुमची राणी! तिच्या पोटात वजनच नाही."

तो जरा फुगला. पण गडी कामाचा पक्का. कापूस काढून त्यानं मुठीएवढा दगड बांधला. बाहुली तोंडावर आपटली. पुन्हा उभी केली, पुन्हा आपटली.

"मग तुम्ही बायका उभ्या तरी कशा राहता?" तो वैतागून म्हणाला.

बायको उठली. म्हणजे आधी तिनं जमिनीवर हात टेकला, मग गुडघा, मग "आई गं" म्हणून थोडी थांबली आणि कमरेला मागून हात लावून उभी राहिली. घरात हे रोजच चाललं होतं, पण त्यानं ते आज पाहिलं.

"कंबर दुखते तुझी?"

"रोज दुखते. कूस बदलायची म्हटली तरी जिवावर येतं. कधी कधी भीतीही वाटते, कसं होईल म्हणून."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलंत कुठं? तुमचं सगळं लक्ष त्या लाकडाच्या बाईकडे."

त्याला फार वाईट वाटलं. तो तिच्याजवळ बसला, शेंगा सोलू लागला आणि एकेक विचारत गेला. मग उठून त्यानं बाहुलीच्या कमरेला मागून एक नवी दोरी बांधली. दगडासकट बाहुली उभी राहिली.

राजानं फार आर्जवं केली म्हणून राणी खेळाला आली आणि तोंड फिरवून बसली. बाहुली हात टेकून, गुडघा टेकून, कमरेला मागून हात लावून उठली. भाकरी करपली म्हणून रडली. चिंच खाऊन तिनं तोंड वाकडं केलं. "राणी कधी अशी दाखवतात का?" मानकरी कुजबुजले. राजाच्या कपाळाला आठी पडली. बाहुलेवाला घाबरला, पण शेजारी बायको होती, म्हणून त्यानं दोरी सोडली नाही. चालता चालता बाहुली एकदम थांबली, आत बाळ हललं असावं तसा तिनं पोटावर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली.

राणीनं केव्हाच तोंड वळवलं होतं. ती हसली आणि मग रडायला लागली.

"सगळे म्हणतात, चेहऱ्यावर काय तेज आलंय! मला तर नुसती भीती वाटते. मला वाटलं, मीच एकटी वाईट आई आहे."

"नाही हो राणीसाहेब," बाहुलेवाल्याची बायको म्हणाली. "ती भाकरी माझीच होती. कालच रडले."

राणीनं डोळे पुसले. "आज जेवलीस?"

"अजून नाही."

"मग ये. माझ्याबरोबर बस."

दोघी पोटभर जेवल्या. राजाच्या कपाळावरची आठी गेली आणि तोही हळूच राणीला म्हणाला, "कंबर दुखते का गं?"

पुढे तो खेळ गावोगावी झाला. खेळ पाहून घरी गेलेले नवरे बायकोला हेच विचारू लागले.

तात्पर्य: ज्याचं सुखदुःख कलेत मांडायचं, त्याला ते आधी विचारावं; खरं मांडलं तरच पाहणाऱ्याचं एकटेपण जातं.