दहा वाजून बारा

घड्याळं आपसात बोलत असत, त्या काळातली गोष्ट. त्र्यंबकराव गोडांबे यांच्या कपाटात एक सोन्याचं घड्याळ मखमली डबीत बसून असे. त्र्यंबकराव त्याचे चौथे मालक. आधीच्या तिघांनी ते घेतलं, जपलं आणि चढ्या भावाने विकलं; मनगटावर मात्र कुणीच घातलं नाही. काचेवरचं प्लास्टिकसुद्धा कारखान्यातलंच होतं. घड्याळ हाताच्या हालचालीवर चालणारं, त्यामुळे काटे दुकानात लावले तसेच, दहा वाजून दहा मिनिटांवर थांबलेले.

त्र्यंबकरावांचं रोजचं स्टीलचं घड्याळ आंघोळीपुरतं शेजारी येऊन बसे.

"काय हे ओरखडे! तुला फुकट तरी कोण नेईल?" सोन्याचं म्हणे. "माझा भाव बघ, दर मालकागणिक चढतोच आहे."

"खरंय बाबा," एवढंच बोलून स्टीलचं कामाला निघे.

एकदा ते दुरुस्तीला गेलं आणि नेमकं त्याच दिवशी भाचीचं लग्न होतं. त्र्यंबकरावांनी सोन्याचं घड्याळ मनगटावर चढवलं. हात हलला आणि सेकंदकाटा चालू लागला. घड्याळ दचकलं. ही टिकटिक आपलीच आहे, हे कळायला त्याला जरा वेळ लागला.

प्लास्टिक सोलायला गेलेलं त्र्यंबकरावांचं नख तेवढ्यात थबकलं. "नको बुवा. चरा उठला तर भाव उतरेल," असं पुटपुटत त्यांनी ते डबीत परत ठेवलं. जराशाने काटे थांबले.

आठवड्याने स्टीलचं परतलं. "काय मग, भाव कुठवर गेला?"

"ते नाही ठाऊक," सोन्याचं म्हणालं. "पण दहा वाजून बारा मिनिटं झाली."