शिवेचा दगड आणि सर अँब्रोज

बदकं हाकला आणि कुंपण घाला, असा हुकूम हवेलीतून सुटला तेव्हा टॅमसिन तळ्याकाठी बदकांनाच दाणे टाकत होती.

हॅझलबी म्हणजे साहेबाच्या देशातलं एवढंसं गाव. एक चर्च, एक गिरणी, वीस-बावीस चुली आणि तळ्याकाठचं गायरान. साऱ्या गावाची बदकं त्या गायरानात चरायची आणि त्या बदकांवरच गावाचा हिवाळा निघायचा. टॅमसिनच्या घरी तर दुसरं काही नव्हतंच. म्हातारा बाप आणि अकरा बदकं.

गावाचे धनी सर अँब्रोज. त्यांनी दोन वर्षं खपून गावाचा इतिहास लिहिला होता. चारशे पानं. त्यातली तीनशे नव्वद पणजोबांची, आजोबांची आणि घोड्यांची. उरलेल्या दहांत गाव मावलं. आणि त्या दहांतल्याच एका पानावर लिहिलं होतं, की तळ्याकाठचं गायरान पूर्वापार हवेलीचं. लिहिलं कोणी? सरांनी. वाचलं कोणी? सरांनी. पटलं कोणाला? तेही सरांनाच.

गावकरी हातात टोप्या धरून हवेलीच्या दारात उभे राहिले. टॅमसिनही मागे जाऊन उभी राहिली. लोहार म्हणाला, गायरान गावाच्या शिवेच्या आत आहे, आणि शिवेच्या आतलं ते गावाचं; पलीकडच्या अंगाला शिवेचा दगडही आहे.

"मग दाखवा," सर म्हणाले.

इथे पंचाईत झाली. पूर्वी दर वसंतात सारं गाव शिवेवरून फेरी काढायचं, दगडन् दगड बघून यायचं. दगड विसरू नयेत म्हणून फेरीत एक उपायही करायचे, तो पुढे कळेलच. पण सर गादीवर आले आणि असला अडाणीपणा त्यांनी बंद केला. चाळीस वर्षांत दगडावर माती चढली, मातीवर गवत उगवलं. आता लोहार म्हणे दगड ओकाच्या झाडाखाली होता, गिरणीवाला म्हणे तळ्यात बुडाला, आणि चर्चची घंटा वाजवणारा म्हातारा शपथेवर सांगे की आपण त्यावर बसून भाकरी खाल्ली आहे. कुठे, ते मात्र आठवत नाही.

सरांना मजा वाटली. ते म्हणाले, "बरं, दगड नाही तर एक साक्षीदार आणा. पण गरीब नको, त्याच्या जिभेवर भूक बसलेली असते. घरी बदकं असतील तोही नको. कुलीन हवा, शिकलेला हवा, आणि खरं बोलण्यात ज्याचा तोटाच होईल असा हवा. उद्या सकाळी मी खुंट्या ठोकायला येतो. तोवर आणा."

गावकऱ्यांनी टोप्या डोक्यावर चढवल्या. असा माणूस हॅझलबीतच काय, राजाच्या दरबारातही मिळाला नसता.

"आणते, सरकार," टॅमसिन म्हणाली. "पण तो मोठा मानी आहे. कोणाच्या दारात उभा राहायचा नाही. थेट गायरानात भेटेल."

घरी आल्यावर बापाने विचारलं, कोण गं हा? ती म्हणाली, बाबा, तुम्ही त्याला रोज टोपी काढून सलाम करता. म्हाताऱ्याला वाटलं पोरीचं डोकं फिरलं. तो रात्रभर बदकांची नावं घेत उसासे टाकत राहिला.

सकाळी सर आले. मागे खुंट्यांचा भारा आणि फावडं घेऊन सुतार, त्यामागे सारं गाव. सरांनी चहूकडे पाहिलं.

"कुठे आहे तुझा साक्षीदार?"

"येतोच आहे, सरकार. तोवर पहिली खुंटी कुठे ठोकायची ते सुताराला दाखवा."

सर काठी टेकत गायरान तुडवीत निघाले. ताठ मान, सरळ चाल, जशी सुताराने दोरी धरावी. पलीकडच्या कडेशी पोचले आणि सपाट हिरवळीत, जिथे ना खड्डा ना काटा, तिथे डावीकडे वळले, नागाला टाळावं तसा वळसा घातला, आणि पुन्हा सरळ चालू लागले. वळताना त्यांचा उजवा हात मागे गेला आणि पाठीखाली, जिथे माणूस बसतो, तिथे अलगद टेकला.

"थांबा, सरकार!" टॅमसिन म्हणाली. "सुतारकाका, सरांनी जिथे वळसा घातला तिथे खणा."

वीतभर माती निघाली आणि फावडं खणकन वाजलं. दगडावर गावाची खूण होती, आडवी रेघ आणि तीन टिंबं. लोहार, गिरणीवाला आणि घंटेवाला, तिघेही एकदम म्हणाले की आम्ही हेच सांगत होतो.

सरांचा हात अजून मागेच होता. "हा दगड इथे आहे हे तुला कसं कळलं?"

"मला नाही, तुम्हाला कळलं. दर रविवारी तुम्ही इथून चर्चला जाता आणि इथेच वळता. मी बदकं राखत बघते. फेरीत प्रत्येक दगडापाशी एकेका पोराला उचलून त्याचं बूड दगडावर तीनदा आपटायचे ना, दगड जन्मभर लक्षात राहावा म्हणून? तुमचे वडील रीतीचे पक्के. सात वर्षांचे होतात तेव्हा त्यांनी तुम्हालाही पुढे केलं. आपटणारे माझे आजोबा. मरेपर्यंत सांगायचे, धाकट्या साहेबाला मी अगदी मन लावून आपटला."

कोणी हसलं नाही. हसण्याची छाती कोणाची?

"आता बघा, सरकार. साक्षीदार कुलीन आहे, शिकलेला आहे, घरी एक बदक नाही, आणि खरं सांगण्यात त्याचा तोटाच आहे. पुस्तकात त्याने काही का लिहिलं असेना, बसायची जागा खोटं बोलली नाही."

सर आधी लाल झाले, मग त्यांचे गाल थरथरले, आणि मग ते असे हसले की तळ्यातली बदकं फडफडून काठावर आली. खुंट्या त्यांनी तिथेच टॅमसिनला देऊन टाकल्या, बदकांचं खुराडं बांधायला. वर डझनभर पांढरी बदकं घ्यायला पैसेही दिले. पुस्तकातलं ते पान फाडायचंही कबूल केलं.

"आणखी काय हवं, पोरी?"

"फेरी पुन्हा सुरू करा, सरकार. आणि येत्या वसंतात तुमच्या नातवाला पाठवा. गाव विसरभोळं आहे. तुमच्या घराण्याची आठवण पक्की."

सर पुन्हा हसू लागले, आणि हसता हसता त्यांनी विचारलं, आपटणार कोण?

टॅमसिनने बाह्या वर सारल्या. "आमच्या घराण्याचंच काम आहे ते."