दगडाखालची वस्ती

मुलांनो, डोंगरातल्या एका दाट रानात नदी दोन फाट्यांनी खाली उतरत असे, आणि त्या फाट्यांमधल्या खडकांत एक पाणमांजरी आपल्या पिल्लांना घेऊन राहत असे. उन्हाळा तापला तसा तिचा जुना डोह आटू लागला. इवलीशी पिल्ले घेऊन आता जावे कुठे, या काळजीत ती बसली असताना तिथे एक बगळा आला. "अगं, उजव्या फाट्यावरच्या डोहात जा की," तो म्हणाला. "पाणी इतकं नितळ, की तळातला खडा न् खडा दिसतो. मी रोज तिथेच मासे धरतो. डाव्या डोहाकडे मात्र फिरकू नकोस. गवे डुंबून डुंबून त्याचा नुसता राडा करतात."

पाणमांजरी उजव्या डोहावर गेली. पाणी खरोखरच नितळ होते. तिने चाखून पाहिले, तर गोड लागले. मासेही सुळसुळत होते. पिल्लांना इथेच आणायचे असे तिने ठरवले. निघता निघता भूक लागली म्हणून तिने काठाजवळचा एक दगड उलटला. दगडाखाली खेकडा नाही, तर निदान एखादी गोगलगाय तरी सापडतेच. इथे काहीच नव्हते. तिने दुसरा दगड उलटला, मग आणखी एक. सगळे कसे धुऊन पुसून ठेवल्यासारखे कोरे! फक्त एका कोपऱ्यातल्या गाळात बारीक लाल अळ्या वळवळत होत्या. पाणमांजरी भूक विसरली. "काय गं, इथली बाकीची मंडळी कुठे गेली?" तिने विचारले. "आम्हाला काय ठाऊक?" अळ्या म्हणाल्या. "आम्हाला कसलंही पाणी चालतं." आणि त्या पुन्हा गाळात शिरल्या.

एवढे चांगले पाणी, आणि राहायला कुणी नाही? हा प्रश्न काही तिच्या डोक्यातून जाईना. म्हणून ती मुद्दाम डाव्या डोहावर गेली. पाणी इतके गढूळ होते की स्वतःचा पंजा दिसेना. तिने चाचपून एक दगड उचलला, उलटा केला आणि बघतच राहिली. दगडाखाली अख्खी वस्ती होती! तीन शेपट्यांचे चपटे किडे दगडाला घट्ट बिलगून बसले होते. कुणी वाळूचे कण चिकटवून नळीसारखे घर बांधले होते आणि त्याच्या दारातून डोके बाहेर काढले होते. गोगलगायी होत्या, काचेसारख्या पारदर्शक कोळंब्या होत्या. तेवढ्यात खालच्या कपारीतून एका खेकड्याने तिचे बोट धरले. "छप्पर उचलतेस आमचं? ठेव खाली!"

"ठेवते, ठेवते!" पाणमांजरी कळवळून म्हणाली आणि तिने दगड होता तसा ठेवला. "खेकडेदादा, रागावू नका. एवढंच सांगा, या गढूळ पाण्यात इतकी मंडळी, मग त्या नितळ डोहात कुणीच कसं नाही?" खेकड्याने नांगी सैल केली. "मी तिथलाच," तो हळू आवाजात म्हणाला. "एका संध्याकाळी वरून उग्र वासाचं पाणी आलं. आलं आणि गेलं. सकाळी डोह पुन्हा पहिल्यासारखा. पण माझे शेजारी दगडाला धरून होते, ते तसेच मेले. मला जमिनीवर चालता येतं, म्हणून मी खडक ओलांडून इथवर पोचलो."

"पण तिथे मासे आहेत की!"

"ते नंतर खालून चढून आलेत. त्यांना काय माहीत?"

तेव्हा एक चपटा किडा दगडाच्या कडेने डोकावला. "पंख फुटेपर्यंत आमचा मुक्काम इथेच," तो म्हणाला. "चांगलं पाणी, वाईट पाणी, सगळं आमच्या अंगावरून जातं. पाणी बिघडलं की आधी आम्ही जातो. आम्ही अजून आहोत, यावरून काय ते समजून घे."

पाणमांजरीने पिल्लांना गढूळ डोहाच्या काठी आणले. "चिखलात पोरं वाढवणार तू?" बगळा चकित होऊन म्हणाला. उजव्या डोहाचे पाणी गोड लागले इथपासून खेकड्याकडून ऐकले तिथपर्यंत सगळे तिने त्याला सांगितले. "माशांची चव मला कळत नाही होय?" असे म्हणून तो उडून गेला. पुढे एका दुपारी तोच बगळा पंख ओढत आला आणि काठावर मटकन बसला. "तिकडे उजव्या डोहात मासे उलटे होऊन तरंगताहेत," तो धापा टाकत म्हणाला. "वरच्या बागांत माणसांनी विषारी औषधाची फवारणी केली आणि त्याची पिंपं त्याच फाट्यात धुतली. मी एकच मासा गिळला, तर पोटात आग पडली आहे." पाणमांजरीने त्याला सावलीला नेले आणि दुखणे ओसरेपर्यंत ती त्याच्याजवळ बसून राहिली. जरा बरे वाटल्यावर बगळ्याने विचारले, "पण तू तर पाणी गोड आहे म्हणाली होतीस ना?"

"गोडच होतं," पाणमांजरी म्हणाली, "पण ते त्या दिवशीचं पाणी होतं. आधी काय वाहून गेलं, ते पाण्याला कुठलं सांगता येणार? ते तिथे राहणाऱ्यांनाच विचारावं लागतं."

मग बगळ्याने आपल्या लांब चोचीने काठाचा एक दगड जरासा उचलला, मान वाकडी करून खालच्या मंडळींकडे नीट पाहिले आणि कुणाला धक्का लागणार नाही अशा बेताने तो परत टेकवला.

तात्पर्य : नदीची पारख नितळ पाण्यावरून करू नये, तिच्या तळाशी कोण नांदते आहे, ते पाहावे.