पत्रा वाजतोय, साहेब

"…म्हणजे ठेवू की काढू? एवढंच सांगा, अप्पा."

अप्पांनी मान वर केली नाही. ओट्यावर बसून जुन्या ट्यूबमधून ते वायसर कापत होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी समोरच्या फायर स्टेशनातल्या पायपांना वायसर लागतात ते सुपडूअप्पांच्याच हातचे.

"कुणाला?"

"आहे एक फायरमन. नाव कशाला?"

नाव कशाला! स्टेशनात फायरमन सगळे मिळून नऊ. त्यातला एक माझा नवरा.

मी उंबऱ्याच्या आत सुपात तांदूळ निवडत बसले होते. तांदूळ माझे नव्हते. मी अप्पांना एक गोष्ट मागायला आले होते: हेमराजला पायपावरून काढा, कंट्रोल रूमला बसवा. टेबल, खुर्ची, फोन. साहेब तुमचं ऐकतात. तीन दिवस हे वाक्य पाठ करत होते. अप्पांसमोर आले आणि तोंडातून निघालं, "काकूंचे तांदूळ निवडून देऊ का?"

एम.ए.ला माझा विषय मानसशास्त्र होता.

तेवढ्यात हे विचारणारे भामरेसाहेब आले होते. नवे स्टेशन ऑफिसर. वय एकोणतीस, बुटांना चकाकी. उमेदवारीची दोन वर्षं त्यांनी अप्पांच्या हाताखालीच काढलेली. मला ते ओळखत नव्हते. आम्ही क्वार्टरमध्ये नाही, मागच्या गल्लीत राहतो.

"काय केलं त्यानं?" अप्पांनी विचारलं.

"घाबरतो."

"बरं."

"बरं काय, अप्पा! मागच्या महिन्यात जिनिंगला आग लागली. आत कापसाच्या गाठी, वर पत्रा. हा पायपाच्या तोंडाशी. मी बाहेर. आणि वॉकीटॉकीवर याचं एकसारखं चालू. साहेब, पत्रा वाजतोय. साहेब, धूर खाली उतरतोय. साहेब, पाण्याचा जोर कमी झाला. दोन नवी पोरं होती त्याच्याबरोबर, ती ऐकूनच गळाठली."

"तू काय म्हणालास?"

"म्हटलं, रडगाणं बंद कर."

"वॉकीटॉकीवर?"

"हो."

"म्हणजे सगळ्यांनी ऐकलं."

"ऐकायलाच हवं होतं. तरी हा दोघांना घेऊन बाहेर आला. माझा हुकूम नसताना!"

अप्पांची कात्री थांबली.

"पत्रा पडला?"

"नाही ना! तेच तर. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला मुद्दाम घेऊन गेलो तिथे. सगळ्यांना घेऊन गेलो. म्हटलं, बघ. उभाय ना?"

"उभाय?"

"अजून उभाय."

"बरं झालं," अप्पा म्हणाले आणि पुन्हा कापू लागले.

ती सकाळ मला आठवत होती. हेमराज डबा तसाच घेऊन परत आला होता. मी विचारलं, "जेवला नाहीस?" तो म्हणाला, "भूक नव्हती." आणि मी डबा फ्रीजमध्ये ठेवला. संपलं. एवढी चौकशी मी दूधवाल्याचीही करते.

माझ्या मागे आमच्या गार्गीची बडबड चालू होती. चौदा महिन्यांची आहे. तिच्या भाषेत ती दिवसभर कुणाला तरी रागावत असते.

"आणि आता?" अप्पांनी विचारलं.

"आता गप्प."

"एकदम?"

"एकदम. सांगितलं तेवढं करतो. उलट उत्तर नाही, काही नाही. तसे सगळेच आता शांत झालेत. स्टेशनला शिस्त आलीय, अप्पा. तुमच्या वेळी काय बाजार असायचा."

"असायचा खरा."

"बुधवारी तेलाच्या गोदामाला गेलो. वीस मिनिटं हा आत. एक शब्द नाही."

"मग झालं की. सुधारला माणूस. काढतोस कशाला?"

साहेब वॉकीटॉकीचं बटण नुसतं पुढे-मागे फिरवत राहिले… खर्र, बंद. खर्र, बंद.

"काय माहीत," ते म्हणाले. "त्याला आत पाठवलं की मला बाहेर उभं राहवत नाही. आधी राहवायचं. पत्र तयार आहे. उद्यापासून स्टोअरला. नुसती सही राहिलीय."

स्टोअर! माझ्या मनात आलं, कंट्रोल रूमपेक्षा बरं. फोनसुद्धा नाही. पायपांची भेंडोळी मोजायची आणि सहा वाजता घरी. मी न मागता देव देत होता, आणि भामरेसाहेबांच्या हातून देत होता. मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं आणि कानफटात मारावीशीही वाटली.

"बुधवारी काय झालं, ते सगळं सांग," अप्पा म्हणाले.

"सांगितलं की."

"नाही सांगितलंस."

…

"खांद्यावर भाजलंय त्याला," साहेब हळू म्हणाले. "वरून जळती पट्टी पडली. तळहाताएवढं. आतून बोलला नाही. बाहेर आल्यावर बोलला नाही. शर्ट काढायला लावला तेव्हा डॉक्टरांना दिसलं."

माझा हात तांदळातच राहिला.

बुधवार. आज शनिवार. या उकाड्यात हेमराज पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून झोपतोय. गार्गीला डाव्याच हातावर घेतोय. मी म्हटलंही होतं, "सवय बदललीस की काय?" तो हसला होता.

तीन दिवस. एका खोलीत. माझ्याशेजारी.

"पोरीच्या तोंडात काय आहे बघ," अप्पा म्हणाले.

त्यांची पाठ होती आमच्याकडे. ते कुणाशी बोलताहेत हे कळायला मला एक क्षण लागला.

मी वळले. गार्गी भिंतीशी बसलेली. डोळे मोठे. ओठ मिटलेले. पुढ्यात वायसरांचा डबा उपडा.

सूप कुठे गेलं कळलं नाही. तिला पालथं घेतलं, पाठीत चापट्या मारल्या, तोंडात बोट घातलं. रबराचा तुकडा निघाला. लाळेत भिजलेला, रुपयाएवढा.

ती किंचाळली. मग रडायला लागली, गल्लीला ऐकू जाईल अशी.

"हां," अप्पा म्हणाले.

भामरेसाहेब उठून उभे राहिले होते. चेहरा पांढरा. आगीत जाणाऱ्या माणसाचा चेहरा चौदा महिन्यांच्या पोरीमुळे असा होतो, हे पाहून मला उगाच धीर आला.

"अप्पा, तुमची तर पाठ होती."

"होती ना भो."

"मग कसं कळलं?"

"मघापासून बडबडत होती."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. खरं सांगायचं, तर तिची बडबड थांबली तेव्हा मला बरंच वाटलं होतं. म्हटलं, आता साहेबांचं नीट ऐकू येईल.

"या कोण?" त्यांनी अप्पांना विचारलं.

"हेमराजची बायको."

…

साहेबांच्या हातातला वॉकीटॉकी खाली आला. ते जायला वळले. मग थांबले.

"वहिनी, मला माहीत नव्हतं तुम्ही…"

"बस," अप्पा म्हणाले.

साहेब बसले. बूट ओट्याखाली लपवता आले असते तर लपवले असते.

गार्गी माझ्या खांद्यावर हुंदके देत होती. तांदूळ सगळीकडे सांडले होते. आवरायला कुणी हललं नाही.

"तुमच्याकडे असा कुणी नव्हता का कधी?" साहेबांनी विचारलं. आवाजातली परेड गेली होती.

"होता. दिगंबर."

"घाबरायचा?"

"बोलायचा. फार बोलायचा. पायरी चढलो तरी सांगायचा, पायरी चढलो. जीव नकोसा करायचा."

"मग?"

"मी नवा होतो. लोक हसायचे. एकदा म्हटलं, दिगंबर, आता तुझा आवाज यायला नको."

"मग?"

अप्पांनी कापलेला वायसर उजेडात धरला. कड नखानं चाचपली. तिरकी गेली होती. बाजूला टाकला.

"मग नाही आला."

समोरच्या स्टेशनच्या फाटकातून बंब दिसत होता. बंब धुण्याची वेळ होती. हेमराज टपावर चढला होता आणि डाव्या हातानं फडकं मारत होता. उजवा हात पोटाशी धरलेला. एवढ्या लांबून दिसत होतं. घरात दिसलं नव्हतं.

"वहिनी," साहेबांनी विचारलं, "घरी बोलतो का तो?"

"आधी बोलायचा."

"काय?"

"सगळं. जेवताना. कुठला पत्रा कसा वाजला, धूर काळा होता की पिवळा, कोण कुणाच्या मागे होतं… मला मग रात्रभर झोप यायची नाही. प्रत्येक पत्रा त्याच्या डोक्यावर पडताना दिसायचा. म्हणून एकदा म्हटलं, पोरीसमोर हे नको."

"एकदाच?" अप्पांनी विचारलं.

"तीनदा."

"मग?"

"मग आता भाजीबद्दल बोलतो."

"काय म्हणतो?"

"चांगली झालीय म्हणतो."

मला वाटलं, कुणीतरी हसेल. मी हसण्यासाठीच म्हटलं होतं. साहेब स्टेशनकडे बघत राहिले. मीही.

टपावरून उतरताना हेमराजचा उजवा हात सवयीनं दांडीकडे गेला आणि चटका बसल्यासारखा मागे आला. खाली दोघं जण उभे होते. त्यांच्याशी तो काही बोलला नाही. तेही त्याच्याशी बोलले नाहीत. फार शिस्तीत चाललं होतं सगळं.

"अप्पा," साहेब म्हणाले, "सही करू की फाडू?"

मी अप्पांकडे पाहिलं. आज सकाळी कुणी हे विचारलं असतं, तर मी पेन शोधून दिलं असतं. आता मला उत्तर येत नव्हतं. स्टोअरला गेला तरी तो गप्पच येणार होता, पायपावर राहिला तरी गप्पच. मी फक्त तो कुठे गप्प बसावा, एवढंच मागायला आले होते.

"सांगा ना," मी म्हटलं. तांदळांखेरीज त्या दुपारी अप्पांना मी विचारलेली तेवढी एकच गोष्ट.

अप्पांनी कात्री खाली ठेवली. फाटकाकडे पाहिलं. आमच्या दोघांपैकी ते कुणाशी बोलले, मला अजून ठरवता आलेलं नाही.

"हाक मारून बघ. ओ आली, तर अजून वेळ आहे."