पानाच्या डब्यातला चोरकप्पा

एका जंगलात एक उंदीर राहत असे आणि त्याच्या बायकोला त्याचा रोज नव्याने वैताग येत असे. कारण, मुलांनो, त्याला वस्तू दडवायचं भलतं वेड होतं. वाटसरू जे जे विसरून जात, ते ते तो ओढून आणी : फाटकी चप्पल, मोडकी छत्री, पितळेचा पानाचा डबा. त्या डब्यात वर एक तबक होतं आणि तबकाखाली चोरकप्पा. खोटं वाटेल, पण मी तो डबा पाहिला आहे! सुगीत जमवलेले ज्वारीचे सगळे दाणे उंदराने त्या कप्प्यात लपवले आणि कावळ्याला चकवायला तो दिवसभर मिश्या फेंदारून रिकाम्या चपलेवर पहारा देऊ लागला.

सुगी सरली, शेतं मोकळी झाली. पिल्लं भुकेने रडू लागली.

"अहो, दाणे कुठे ठेवलेत?" उंदरिणीने विचारलं.

"हळू! कावळा ऐकेल."

"मग कानात सांगा."

"तुझ्या कानातून पोरांच्या कानात जाईल. मीच आणतो. तू तिकडे तोंड कर बघू."

उंदरिणीने कपाळावर हात मारला आणि तोंड फिरवलं. उंदीर तबक उचलून कप्प्यात उतरला आणि तबक वरून खटकन बसलं. काही केल्या हलेना.

"अगं, मी अडकलो! श्वास कोंडतोय!"

"कुठे अडकलात?"

"ते कसं सांगू? कावळा ऐकत असेल!"

"अहो, जीव जाईल तुमचा!"

"जाऊ दे. पण जागा कुणाला कळता कामा नये!"

शेवटी कावळाच वैतागला. "वहिनी, त्या मुंग्यांच्या मागोमाग जा. अख्ख्या जंगलाला ठाऊक आहे."

मुंग्यांची रांग पानाच्या डब्याच्या कोपऱ्यातल्या भोकाशी पोचत होती. उंदरिणीने धावत जाऊन तबक उचललं. आत उंदीर होता, चिमूटभर भुसा होता. दाणा एकही नव्हता.

"मी तर कुणालाच सांगितलं नव्हतं!" उंदीर रडवेला झाला.

"मुंग्यांना ठाऊक होतं, कावळ्याला ठाऊक होतं," उंदरीण म्हणाली, "ठाऊक नव्हतं ते फक्त तुमच्या उपाशी पोरांना."

आणि शेतात सांडले-लवंडलेले दाणे वेचायला ती पिल्लांना घेऊन तरातरा निघाली.

"थांब गं!" उंदीर मागून ओरडला. "ते ठेवायला माझ्याकडे एक जागा आहे. छत्रीच्या मुठीत!"

तात्पर्य : घरच्यांपासून लपवून ठेवलेलं आधी परक्यांना सापडतं, आणि उपाशी मात्र घरचेच राहतात.